आईच्या फुकट मजुरीवरचे कल्याणकारी राज्य

स्वमग्नता हा सुखवस्तू घरांचा प्रश्न आहे, अशी एक समजूत पुरोगामी चळवळीत ठाण मांडून बसली आहे. ती कोणत्याही ठरावात लिहिलेली नाही आणि कोणत्याही व्यासपीठावरून कोणी ती मांडत नाही. तरीही महागाई, रोजगार, शेतमालाचे भाव, अंगणवाडी सेविकांचे मानधन या प्रश्नांवर मोर्चे काढणाऱ्या कार्यकर्त्यांसमोर 'ऑटिझम' हा शब्द उच्चारला, की त्यांच्या डोळ्यांपुढे पुण्या-मुंबईतील एखादे सुशिक्षित जोडपे, खासगी थेरपी केंद्र आणि इंग्रजी माध्यमाची शाळा उभी राहते. सहानुभूती वाटते, परंतु हा कष्टकऱ्यांच्या लढ्याचा विषय आहे, असे वाटत नाही.

ही समजूत निव्वळ चुकीची असती तर ती एका व्याख्यानाने दूर करता आली असती. दुर्दैवाने ती ज्या व्यवस्थेविरुद्ध चळवळ उभी आहे त्याच व्यवस्थेची निपज आहे. स्वमग्नता मध्यमवर्गीय नाही. मध्यमवर्गीय आहे ते तिचे निदान. जे निदान बाजारात विकत घ्यावे लागते, ते ज्याच्या गाठीला पैसा आहे त्याच्याच मुलाचे होणार, हे उघड आहे. मजुराचे मूल तेच, त्याचे वागणे तेच. पण वस्तीत त्याला 'वेडसर', 'मुके', 'हट्टी' किंवा 'बाहेरचे लागलेले' म्हणतात. त्याला ना प्रमाणपत्र मिळते, ना शाळा, ना सरकारी आकडेवारीत जागा. आणि जो आकडेवारीत नाही त्याच्यासाठी अर्थसंकल्पात तरतूद कशी असणार?

निदानाचा वर्ग

स्वमग्नता हा संसर्गाने होणारा वा औषधाने बरा होणारा आजार नव्हे. मेंदूच्या जडणघडणीतील ती जन्मजात भिन्नता आहे. दुसऱ्याशी संवाद साधण्याची रीत, आवाज-स्पर्श-प्रकाश यांची संवेदना, ठरावीक क्रमाची ओढ या बाबतींत असे मूल इतरांहून वेगळे असते. काही जण उत्तम बोलतात, शिकतात, नोकरी करतात. काहींना जन्मभर चोवीस तास सोबतीची गरज असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात दर १२७ माणसांमागे एक जण स्वमग्न होता. हेच प्रमाण महाराष्ट्राच्या २०११ च्या जनगणनेतील ११ कोटी २४ लाख लोकसंख्येला लावले, तर संख्या पावणेनऊ लाखांच्या घरात जाते. हा नुसता गुणाकार आहे, मोजणी नव्हे. पण गुणाकारावर विसंबावे लागते, हीच तक्रार आहे.

हा श्रीमंतांचा विकार असल्याचा ग्रह मुळात आला कोठून, याचा इतिहास कार्यकर्त्यांनी जाणून घेण्याजोगा आहे. १९४३ साली अमेरिकेतील बालमानसतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि स्वमग्नतेला वैद्यकशास्त्रात स्वतंत्र स्थान मिळाले. ती मुले बहुतांशी शिकल्यासवरल्या, प्रतिष्ठित घरांतली होती. कारण एका नामांकित रुग्णालयातील तज्ज्ञापर्यंत पोहोचण्याची ऐपत त्याच घरांना होती. पण निष्कर्ष मात्र उलटा काढला गेला. हा विकार बुद्धिमान आणि भावनाशून्य आईबापांच्या पोटी येतो, असे मानले जाऊ लागले. ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या पुस्तकातून आईच्या थंडपणाला जबाबदार धरले. एका पिढीतील हजारो मातांनी हा कलंक विनाअपराध वाहिला.

तो ग्रह मोडून काढला तो सार्वजनिक पैशाने झालेल्या संशोधनाने. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या सामाजिक मानसोपचार विभागात काम करणाऱ्या लोर्ना विंग या स्वतः एका स्वमग्न मुलीच्या आई होत्या. जूडिथ गूल्ड यांच्यासह त्यांनी दवाखान्यात येणाऱ्या मुलांची वाट न पाहता दक्षिण लंडनमधील कॅम्बरवेल या भागातील मुलांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर १९८० च्या एका निबंधात विंग यांनी वर्गाचाच प्रश्न हाती घेतला. विशेष दवाखान्यांत येणाऱ्या आणि पालकांच्या संघटनेचे सभासद होणाऱ्या कुटुंबांत वरच्या वर्गाचे प्रमाण अधिक दिसते. परंतु सरसकट वस्तीच पाहिली तर हा फरक उरत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. स्वमग्नतेने श्रीमंतांना निवडले नव्हते; दवाखान्याच्या दारानेच माणसे निवडली होती.

भारतातही याचा पुरावा आहे. उत्तर गोवा, हरियाणातील पलवल, हिमाचलातील कांगडा, ओडिशातील ढेंकानाल आणि हैदराबाद अशा पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या सुमारे चार हजार मुलांची पाहणी करण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. किनारपट्टी, खेडी, डोंगराळ मुलूख, आदिवासी भाग आणि महानगर असे सर्व नमुने तीत होते. मेंदूच्या वाढीशी निगडित नऊ अवस्थांपैकी किमान एक अवस्था जवळपास दर आठ मुलांमागे एकात आढळली; स्वमग्नता ही त्या नऊंतील एक. आदिवासी पाड्यावर हा प्रश्न नाही, असे आता कोणाला म्हणता येणार नाही. तरीही २०११ च्या जनगणनेत अपंगत्वाचे जे आठ प्रकार नोंदले गेले त्यांत स्वमग्नतेचा रकाना नव्हता. १९९५ च्या अपंग कायद्यात तिचे नावच नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिला प्रथम नाव दिले आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने एकवीस प्रकारांत तिचा समावेश केला. स्वातंत्र्यानंतर पन्नास वर्षांहून अधिक काळ राज्यसंस्थेच्या लेखी ही मुले नव्हतीच.

अर्धा कोयता

या अदृश्यतेची किंमत कोण मोजते, हे पाहायचे असेल तर बीड जिल्ह्यातल्या एखाद्या ऊसतोड कुटुंबाचा हिशेब मांडून पाहावा. ऊसतोडीत मजुरीचे एकक माणूस नसून जोडी आहे. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती कोयत्यावर, आणि हंगामभर राबून ती फेडायची असते तीही कोयत्यानेच. अशा जोडीच्या पोटी चार वर्षांचे एक स्वमग्न मूल आहे, असे धरू. ते बोलत नाही, हाकेला वळत नाही, गाडीच्या कर्ण्याने बिथरते, भान न ठेवता रस्त्याकडे धावते. त्याला फडाच्या कडेला एकटे सोडता येत नाही. आई त्याच्यापाशी बसली तर कोयता अर्धा होतो आणि उचल फिटत नाही. आई फडात उतरली तर पोर कोपीपाशी दोरीने बांधून ठेवावे लागते. या दोहोंखेरीज तिसरा पर्याय या राज्याने त्या आईपुढे ठेवलेला नाही.

शासनाची योजना नाही, असे मात्र नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. फिरत्या वैद्यकीय पथकाने अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी करावी, वाढीतील विलंब किंवा अपंगत्व दिसल्यास मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे, अशी ती रचना आहे. ज्या तीस अवस्थांची तपासणी व्हायची त्यांत स्वमग्नताही आहे. कल्पना उत्तम आहे. पण पथक गावच्या अंगणवाडीत येते तेव्हा हे मूल उसाच्या फडात असू शकते. आणि केंद्र आहे जिल्ह्याच्या ठिकाणी. वाणीचा आणि वागणुकीचा सराव आठवड्यामागून आठवडे, महिनोन्‌महिने चालावा लागतो. एका खेपेला एसटीचे भाडे आणि दोन माणसांचा दिवसाचा रोज बुडणार असेल, तर ती मोफत सेवा मोफत राहत नाही. शिवाय ज्यांच्या हातून हे काम व्हायचे ती माणसे कंत्राटी. ज्या नोकरीचीच शाश्वती नाही तिच्यातून मुलाच्या दीर्घ सोबतीची शाश्वती कशी यावी?

शहरातील गिरणगावाच्या चाळीतली किंवा उपनगरातल्या झोपडपट्टीतली आई यापेक्षा फार सुखी आहे असे नाही. धुण्याभांड्याची चार घरे तिला सोडावी लागतात. खालच्या मध्यमवर्गातील कारकून स्त्री नोकरीचा राजीनामा देते. वर्गाप्रमाणे नुकसानीचा आकडा बदलतो. नुकसान सोसणारी बाई बदलत नाही. देशाच्या २०१९ च्या कालवापर पाहणीनुसार बिनमोबदला घरकामात स्त्री दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवते आणि पुरुष ९७ मिनिटे. हे सर्वसाधारण घराचे चित्र झाले. ज्या घरात एका जिवाला चोवीस तास सोबत लागते तेथील आईचा दिवस कोणत्या पाहणीत मावणार?

कायद्याची भाषा आणि तिजोरीची भाषा

२०१६ चा अधिनियम वाचताना मन प्रसन्न होते. सहा ते अठरा वर्षांच्या ठरावीक प्रमाणात अपंगत्व असलेल्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे. अपंगांसाठीच्या सामाजिक सुरक्षा योजनांतील मदत इतरांच्या तशाच योजनांपेक्षा किमान पंचवीस टक्के अधिक असावी, असे बंधन आहे. अधिक आधाराची गरज असणाऱ्यांसाठी काळजीवाहकाचा भत्ता आहे. संशोधन करण्याची वा करवून घेण्याची जबाबदारीही शासनावर टाकलेली आहे. मात्र चोविसाव्या कलमात एक लहानसा शब्दसमूह आहे : शासन हे सारे आपल्या 'आर्थिक क्षमतेच्या आणि विकासाच्या मर्यादेत' करील. हक्क मोठ्या दरवाजाने आत आणायचा आणि मागच्या खिडकीतून बाहेर काढायचा, ही आपल्या कायदेकारीची जुनी खुबी आहे.

ती क्षमता किती, हे तिजोरीला विचारावे. केंद्र सरकारच्या दिव्यांगजन सशक्तीकरण विभागाला २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात सुमारे १,२७५ कोटी रुपये देण्यात आले. एकूण अर्थसंकल्प सुमारे ५० लाख ६५ हजार कोटींचा होता. म्हणजे शंभर रुपयांतले अडीच पैसे. २०११ च्या जनगणनेने अपंगांची जी २ कोटी ६८ लाख ही अपुरी संख्या सांगितली तिने भागले, तर माणशी वर्षाला जेमतेम पावणेपाचशे रुपये पडतात. शिक्षण आणि आरोग्य खात्यांतूनही काही खर्च होतो, हे मान्य केले पाहिजे. तथापि एकवीस प्रकारच्या अपंगत्वांची देशभरची जबाबदारी ज्या विभागावर आहे त्याची ही शिदोरी आहे. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी 'विकलांग' ऐवजी 'दिव्यांग' म्हणावे असे सुचविले आणि शब्द रातोरात बदलला. शब्दाला खर्च येत नाही.

केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय अपंग निवृत्तिवेतन योजनेत केंद्राचा वाटा महिना ३०० रुपये आहे. तोही अठरा वर्षांपुढील, दारिद्र्यरेषेखालील आणि ऐंशी टक्के अपंगत्व असलेल्यालाच. महाराष्ट्र राज्य संजय गांधी निराधार योजनेतून त्यात भर घालते, हे खरे. पण स्वमग्न मुलाला आधाराची सर्वांत अधिक निकड पहिल्या सहा वर्षांत असते आणि केंद्राची मदत अठराव्या वर्षी जागी होते. राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' विमा योजना वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण देते. त्यातही थेरपीसाठी वेगळी, तोकडी मर्यादा आहे. खुद्द न्यासाला १९९९ च्या कायद्याने एकदाच १०० कोटींचा मूलनिधी देण्याची तरतूद केली. देशातील साऱ्या स्वमग्न, मतिमंद, मेंदूचा पक्षाघात झालेल्या आणि बहुविकलांग माणसांसाठी ही एकरकमी पुंजी होती.

खरी गंमत आयकरात आहे. अपंग व्यक्तीचा सांभाळ करणाऱ्या करदात्याला ७५ हजार रुपयांची वजावट मिळते. अपंगत्व तीव्र असेल तर सव्वा लाखाची. जुन्या करपद्धतीत तीस टक्क्यांच्या पायरीवरचा गृहस्थ ७५ हजारांवर २२,५०० रुपये वाचवतो. पाच टक्क्यांच्या पायरीवरच्या कारकुनाचे प्रत्यक्षात काहीच वाचत नाही, कारण त्याचा कर एरवीही माफच होतो. ऊसतोड कामगाराला, हमालाला, मोलकरणीला यातून एक पैसाही मिळत नाही, कारण त्यांचे उत्पन्न करपात्रच नाही. आणि नवी करपद्धती स्वीकारणाऱ्यांना ही वजावट लागू होत नाही. म्हणजे अर्थशास्त्राच्या भाषेत हे उलटे अनुदान झाले. ज्याला सर्वांत कमी गरज त्याला सर्वांत अधिक, आणि ज्याला सर्वांत अधिक गरज त्याला शून्य. वजावट रद्द करा, असे कोणी म्हणत नाही. परंतु जे राज्य श्रीमंत बापाचा कर माफ करू शकते, त्याला गरीब आईच्या हाती भत्ता देताना आर्थिक क्षमतेची आठवण का व्हावी?

संशोधन कोणाच्या पैशाने, कोणासाठी?

कुटुंबाला आधार हवा हे पटणारे पुष्कळ जण संशोधनाच्या प्रश्नावर मात्र कुचरतात. संशोधन ही श्रीमंत देशांची चैन आहे. त्यांनी शोधावे, आपण वापरावे, असा त्यांचा युक्तिवाद असतो. तो वरवर व्यवहारी वाटतो. गोव्याच्या एका उदाहरणावरून त्यातला फोलपणा कळून येतो.

गोव्यात आणि पाकिस्तानातील रावळपिंडीत मिळून ६५ स्वमग्न मुलांवर एक प्रयोग झाला. ब्रिटनमध्ये तज्ज्ञ मंडळी जी पद्धत वापरत होती ती स्थानिक परिस्थितीला जुळवून घेऊन, खास पदवी नसलेल्या प्रशिक्षित स्थानिक आरोग्य कार्यकर्त्यांच्या हाती देण्यात आली. सहा महिन्यांत बारा बैठका. कार्यकर्त्याने पालकांना मुलाच्या सूचक हालचाली ओळखायला आणि त्यांना प्रतिसाद द्यायला शिकवायचे. 'लॅन्सेट सायकिअॅट्री' या नियतकालिकात २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : पालकांचा प्रतिसाद सुधारला आणि मुले आपणहून आईबापांशी संवाद सुरू करू लागली. प्रयोग लहान होता, चमत्काराचा दावा कोणी केला नाही. पण तज्ज्ञ नाहीत म्हणून काही करता येत नाही, ही सबब त्याने निकालात काढली. अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्त्या यांचे जाळे ज्या देशात आहे, त्या देशासाठी याहून मोलाचे संशोधन कोणते? आणि या प्रयोगाला पैसा कोणी दिला? अमेरिकेतील 'ऑटिझम स्पीक्स' या खासगी संस्थेने. गोव्यातील मुलांसाठी गोव्यात शोधलेल्या उपायाचा खर्च परदेशी देणगीदाराने केला. देणगीदाराचे लक्ष उद्या दुसरीकडे वळले, तर पुढचा प्रश्न विचारणार कोण?

परक्याच्या संशोधनावर विसंबण्याचा दुसरा धोका सप्टेंबर २०२५ मध्ये दिसला. अमेरिकेत पालकांच्या संघटित रेट्यामुळे २००६ पासून स्वमग्नतेच्या संशोधनासाठी स्वतंत्र कायदे झाले आहेत. डिसेंबर २०२४ मधील कायद्याने पाच वर्षांसाठी सुमारे १९५ कोटी डॉलरच्या खर्चाला अधिकृत मान्यता दिली. परंतु त्याच अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी २२ सप्टेंबर २०२५ रोजी गरोदरपणात घेतलेल्या पॅरासिटामॉलकडे बोट दाखविले. जागतिक आरोग्य संघटनेने असा संबंध सिद्ध झालेला नसल्याचे स्पष्ट केले. १९९८ साली लसीचा आणि स्वमग्नतेचा संबंध जोडणारा निबंध लॅन्सेटमध्ये आला होता. तो २०१० मध्ये मागे घेतला गेला, पण त्याने पेरलेली भीती अजून गेलेली नाही. ज्ञान एका राजधानीत केंद्रित झाले की तेथील सत्ताधाऱ्यांच्या लहरी जगभरातील गरोदर बायांच्या मनात धास्ती निर्माण करतात. स्वतःचे संशोधन म्हणजे या लहरींपासूनचे स्वातंत्र्य.

तिसरा धोका घराच्या उंबऱ्यावर आहे. जेथे सार्वजनिक संशोधन माघार घेते तेथे बाजार शिरतो. मूळपेशींचे इंजेक्शन देऊन स्वमग्नता बरी करतो, असे सांगून आईबापांकडून लाखो रुपये उकळण्याचा धंदा या देशात उभा राहिला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मान्यताप्राप्त मोजके उपचार सोडून मूळपेशींचा असा वापर वैद्यकीय चाचणीबाहेर करणे अनैतिक ठरविले होते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिविषयक मंडळाच्या समितीनेही २०२२ मध्ये स्वमग्नतेसाठी हा उपचार करू नये, अशी शिफारस केली. पाच वर्षांच्या अंतराने तेच पुन्हा सांगावे लागले, यातच धंद्याची ताकद दिसते. हे आईबाप मूर्ख नाहीत. शेत विकून, दागिने मोडून ते तेथे जातात, कारण सरकारी दारावर त्यांना काहीच मिळालेले नसते. विश्वासार्ह ज्ञान आणि नियमित आधार या दोन्ही गोष्टी सार्वजनिक झाल्याखेरीज ही लूट कोणत्याही परिपत्रकाने थांबणार नाही. म्हणूनच संशोधन आणि कुटुंबाचा आधार या दोन वेगळ्या मागण्या मानता येत नाहीत.

मात्र संशोधन कशाचे, हेही लोकांनीच ठरविले पाहिजे. प्रौढ स्वमग्न माणसे आता जगभर स्वतःची बाजू मांडू लागली आहेत. दुरुस्तीला आणलेले यंत्र म्हणून आपल्याकडे पाहू नये, असे ती सांगतात, आणि ते रास्त आहे. जनुकांचा शोध चालू राहो. पण मराठी, कोकणी, गोंडी बोलणाऱ्या मुलाचे निदान त्याच्या भाषेत कसे करावे, बोलू न शकणाऱ्याला चित्रांच्या साहाय्याने बोलते कसे करावे, तरुण स्वमग्न माणसाला कोणते काम मानवते, म्हातारपणी त्याचे काय होते, हे प्रश्न कोणत्याही औषध कंपनीला नफा देणारे नाहीत. ते सार्वजनिक पैशानेच सोडवावे लागतील.

परवडत नाही कोणाला?

एवढे सांगून झाल्यावर एक ठरलेला प्रश्न येतो : देशाला हे परवडेल का? या प्रश्नातच लबाडी आहे. खर्च व्हायचा आहे असे तो गृहीत धरतो. प्रत्यक्षात खर्च आजही होतच आहे. तो आईच्या बुडालेल्या रोजाच्या, थांबलेल्या नोकरीच्या, मोडलेल्या दागिन्यांच्या, थोरल्या बहिणीच्या सुटलेल्या शाळेच्या रूपाने होतो. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात तो दिसत नाही, एवढेच. कारखानदार नदीत सांडपाणी सोडतो तेव्हा त्याचा उत्पादनखर्च कमी दिसतो, कारण उरलेला खर्च नदीकाठची माणसे सोसतात. कल्याणकारी म्हणविणाऱ्या राज्याने तेच केले आहे. आपला खर्च त्याने घराघरातल्या बायांवर ढकलला आहे आणि उरलेल्या ताळेबंदाला तो काटकसर म्हणतो.

शिवाय क्षमतेचा दाखला देणाऱ्यांनी २० सप्टेंबर २०१९ ची तारीख विसरू नये. त्या दिवशी कंपन्यांवरील करात कपात जाहीर झाली आणि तिने वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडावा लागेल, असे खुद्द अर्थमंत्र्यांनी सांगितले. दिव्यांगजन विभागाच्या २०२५-२६ च्या तरतुदीची ही शंभरपटीहून अधिक रक्कम आहे. त्या वेळी आर्थिक क्षमतेच्या मर्यादेचे कलम कोणी वाचून दाखविले नाही. क्षमता हा आकडा नाही. ती कोणाची गरज आधी, याचा राजकीय निर्णय आहे.

कार्यकर्त्यांपुढील काम

स्वयंसेवी संस्थांनी आणि पालकांच्या मंडळांनी या क्षेत्रात जे उभे केले आहे ते मोठे आहे. राज्य झोपले होते तेव्हा त्यांनी शाळा काढल्या. परंतु संस्थेचे काम राज्याच्या कर्तव्याची जागा घेऊ शकत नाही. दानावर चालणारी शाळा उद्या बंद पडली तर तिच्याविरुद्ध दाद मागता येत नाही; हक्काविषयी मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विशेष शिक्षकांचे प्रमाण प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिक स्तरावर पंधरामागे एक असावे, असे सांगितले आणि मार्च २०२५ मध्ये राज्यांना पदे मंजूर करण्याचा पुन्हा आदेश दिला. जे दान होते ते हक्क झाले, की असा फरक पडतो. पण आदेशाची अंमलबजावणी लोकांच्या रेट्यावाचून होत नाही.

मागण्या स्पष्ट असाव्यात. काळजीवाहकाचा भत्ता कायद्यात आहे. तो किमान वेतनाशी जोडून, मूल लहान असतानाच, आईच्या खात्यात सुरू झाला पाहिजे. शीघ्र हस्तक्षेपाची सेवा जिल्ह्यावरून तालुक्याला आणि हंगामात ऊसतोडीच्या तळावर आली पाहिजे. तेथील पदे कायम असली पाहिजेत. अंगणवाडी सेविकांसाठी केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग बालकांविषयीची कार्यपद्धती जाहीर केली. काम वाढविले, पण २०१८ साली केंद्राने ठरविलेले मानधन महिना ४,५०० रुपये होते. गोव्यातील प्रयोगाचा धडा गिरवायचा असेल, तर प्रशिक्षण आणि वेतन यांसह हे काम सेविकेला द्यावे. फुकट राबणाऱ्या आईचा भार अर्धपोटी राबणाऱ्या सेविकेवर टाकणे हा समाजवाद नव्हे. वैद्यकीय संशोधन परिषदेत या विषयासाठी स्वतंत्र, दीर्घ मुदतीचा निधी असावा. त्याच्या समितीवर पालक आणि स्वमग्न प्रौढ असावेत. निष्कर्ष मराठीसह सर्व भाषांत खुले असावेत. आणि आईबापांच्या मागे या माणसांनी राहायचे कोठे, याचे उत्तर सार्वजनिक निवासांच्या रूपाने मिळाले पाहिजे.

या मागण्या दिल्लीत आणि मुंबईत मांडायच्या असल्या तरी कामाचा आरंभ गावातच करता येतो. महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम अपंगांच्या कल्याणावर खर्च करावी, असा शासनाचा आदेश आहे. ती रक्कम गेल्या वर्षी किती होती आणि कशावर खर्च झाली, हा प्रश्न येत्या ग्रामसभेत विचारायला कोणाचीही परवानगी लागत नाही. वस्तीत हिंडणाऱ्या कार्यकर्त्याने रेशनकार्डाची चौकशी करताना आणखी एक गोष्ट विचारावी : घरात एखादे मूल बोलत नाही का, शाळेतून परत पाठविले आहे का? जे मूल सरकारी यादीत नाही ते निदान चळवळीच्या वहीत यावे. अशा वह्या जिल्ह्याजिल्ह्यांत भरल्या, की संख्या नाही म्हणून तरतूद नाही, ही सबब शासनाला पुढे करता येणार नाही.

हंगाम दरसाल दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो. मुकादमांची उचल त्याआधीच वाटून झालेली असते. त्या आईला फडात उतरण्यापूर्वी पोराचा हात कोणाच्या तरी हाती देता आला पाहिजे. तो हात तिच्या शेजारणीचा किंवा दयाळू संस्थेचा नसून राज्याने नेमलेल्या, पगार घेणाऱ्या, शिकलेल्या माणसाचा असेल, तेव्हाच कल्याणकारी हे विशेषण या राज्याला शोभेल.